शिट्टी न वाजणारा कुकर घरात आलाय : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी इथं लिहा

शहापूरची सून

नमस्कार मंडळी. आमच्या घरी इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आलाय. तोच तो, एकाच भांड्यात फोडणी, भात, आमटी, दही सगळं होणारा. ५.७ लिटरचा आहे, दीरांनी पुण्याहून पाठवला. कारण असं की सासूबाईंचं उजवं मनगट गेल्या पावसाळ्यात मोडलं. प्लास्टर निघालं, पण भरलेला कुकर गॅसवरून उतरवायला हाताला जोर येत नाही. मी सव्वाआठला कामावर जाते. दुपारी घरचं माणूस म्हणजे त्या आणि पहिलीतला नातू, दोघंच. त्यांचं शिट्ट्या मोजत गॅसजवळ उभं राहणं बंद व्हावं, एवढ्यासाठी हा आणला.

खोकं बारा दिवस देवघराशेजारी तसंच पडून होतं. उघडलं तर चौदा बटणं, सगळी इंग्रजीत. पुस्तकात पाककृती कुठल्या, तर रिसोटो, चीजकेक. मसूर नाही, उकडा तांदूळ नाही, पुरण नाही. म्हणून हा धागा काढतेय. मी शिकले ते लिहिते, तुम्ही तुमचं लिहा. आपल्याकडच्या जेवणाचा हिशेब एका जागी राहील.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी उकळून बघितलं. आतल्या स्टीलच्या भांड्यात पाऊण लिटर पाणी, झाकण फिरवून बसवलं, वाफेचा खटका बंद बाजूला, वेळ ५ मिनिटं. आठ-दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग झाकणावरच्या लहान पिनेच्या भोकातून फुसफुस वाफ यायला लागली, पाण्याचे थेंब उडाले. सासूबाई म्हणाल्या, "गळतंय की गं हे." मी बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात टप् करून पिन वर आली आणि आवाज एकदम थांबला. स्वयंपाकघर शांत. तेव्हा कुठं पडद्यावर ५ चा आकडा आला आणि उलटी मोजणी सुरू झाली.

त्या दिवशी मला कळलं की आपण दिलेली मिनिटं पिन वर आल्यापासून धरायची. आधी पाणी तापायला लागणारी १० ते १५ मिनिटं त्यात नसतात. आणि शेवटी वाफ उतरायला पुन्हा १०-१५ मिनिटं. पाच मिनिटांचा भात म्हणजे अर्ध्या तासाचा भात. हे आधी माहीत असतं तर खोकं बारा दिवस राहिलं नसतं.

आता माझे प्रश्न. अख्खा मसूर किती मिनिटं? उकडा तांदूळ? बेंदराला पुरण यात घालावं का? आणि लाइट गेली तर काय करायचं?

निपाणीकर वायरमन

ताई, आधी विजेचं बोलतो, कारण स्वयंपाक त्याच्यावर आहे. मी तीस वर्षं घरांची वायरिंग करतोय.

तुमच्या कुकरच्या बुडाला किंवा मागं एक चिकटपट्टी असेल, त्यावर वॅट वाचा. सहा लिटरच्या आसपासचे बहुतेक १००० वॅटचे असतात, तीन लिटरचे ७०० चे. आपल्याकडं २३० व्होल्ट. १००० ला २३० नं भागा, सव्वाचार अँपिअरच्या वर जातं. म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची जवळजवळ पाऊण ताकद तिथंच संपते. जुन्या घरातलं सैल सॉकेट असेल तर ते तापतं, प्लगचा पितळी पाय काळा पडतो. मिक्सर आणि कुकर एकाच एक्स्टेन्शनवर लावू नका. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला सरळ लावा आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. स्टीलचं भांडं, ओले हात आणि अर्थिंग नाही, असं घर मी परवाच बघून आलो.

इन्व्हर्टरवर चालवायचा नाही. घरात सहसा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर असतो, त्याला पंखे, दिवे, टीव्ही एवढंच झेपतं. हा लावला की तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो.

लाइट गेली तर झाकणाला हात लावायचा नाही. आतली वाफ तशीच असते. पिन खाली बसेपर्यंत थांबा. लाइट लगेच आली तर काही कुकर होतं तिथून पुढं चालू करतात, काही नाही करत. तुमचा काय करतो ते एकदा नुसत्या पाण्यावर बटण बंद-चालू करून बघून ठेवा.

आणि अमेरिकेहून कुणी आणत असेल तर हात जोडून सांगतो, नको. तिकडची वीज १२० व्होल्टची. आमच्या गल्लीत एका घरी लेकानं मोठ्या मायेनं बॅगेतून आणला, पिन बदलायचा अडॅप्टर लावून आपल्या सॉकेटमध्ये घातला. दोन सेकंदांत वास आणि धूर. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी मोठा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो कुकरएवढाच जड.

तिसरं गेट

टिळकवाडीहून. माझ्याकडं चार वर्षं आहे. प्रेशरबद्दल थोडं सांगते, म्हणजे वेळेचा अंदाज येईल.

गॅसवरच्या कुकरात साधारण १५ पाउंडाचं प्रेशर तयार होतं, आत १२० अंशांच्या जवळ तापमान जातं. या यंत्रात १० ते १२ पाउंड, म्हणजे ११५-११७ अंश. तेवढ्यानं फरक पडतो. गॅसवर तुमची तुरीची डाळ शिट्टीनंतर बारीक आचेवर ७ मिनिटांत होत असेल तर इथं ९-१० धरा. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज, ती वेळ दाखवत नाही. गॅस मोठा ठेवला की त्याच डाळीला सहा शिट्ट्या होतात, बारीक ठेवला की दोन. आपण आईकडून "मसुराला चार शिट्ट्या" असं शिकलो, ते त्या घरच्या कुकरपुरतं आणि त्या घरच्या आचेपुरतं होतं. यंत्र प्रेशर मोजतं आणि गरज पडेल तसा हीटर चालू-बंद करतं, म्हणून त्याला शिट्टी लागत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. उघड्या भांड्यात आपलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. परदेशी पुस्तकांतल्या वेळा समुद्रकाठच्या हिशेबानं असतात, पण आपल्या उंचीला त्यात मिनिटभराचाही फरक पडत नाही. डाळ कच्ची राहिली तर दोष उंचीला देऊ नका. बहुतेक वेळा पाणी बोअरचं जड असतं किंवा डाळ जुनी असते.

येळ्ळूर शिवार

मसुराचं मी सांगतो, आमच्या रानातलाच हाय. भाताची कापणी झाली की त्याच काळ्या रानात मसूर, वाटाणा, हरभरा पेरतो. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, सगळीकडं तेच. आमचा मसूर बारीक, पटकन शिजतो. बाजारात मिळणारा मोठा चपटा मसूर येगळा.

आमचा नवा मसूर भिजवायचा नाही. धुवून, एकास तीन पाणी, यंत्रात ८ मिनिटं, आणि वाफ आपली आपण उतरू दे. दाणा अख्खा राहतो आणि बोटात दाबला की पीठ. मोठा मसूर असंल तर १२.

आणि एक, चिंच आणि गूळ आधी घालू नका. लई लोक सगळं एकदम टाकून बटण दाबतात आणि मग मसूर दाठर राहिला म्हणतात. आंबट आधी गेलं की कडधान्याचं साल मऊ पडत न्हाई. शिजल्यावर झाकण काढून चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, वरनं लसणाची फोडणी, पाच मिनिटं उकळी. आमटी म्हणावी तर ती.

तिसरं गेट

@येळ्ळूर शिवार, तुमचा ताजा मसूर न भिजवता होईल. पण दुकानातला मसूर किती जुना आहे ते आपल्याला कळत नाही. मी चार तास भिजवतेच, मग ६ मिनिटं पुरतात. शिवाय भिजवलं की पोटाला हलकं.

येळ्ळूर शिवार

ते बी खरं. पण भिजवलेला फुटून लगदा झाला तर मला सांगू नका. तांदळाचं बी तसंच बघा. नवा बासमती, आमचा बेळगावचा बासमती म्हणतोय मी, लांब शिताचा देहरादूनचा न्हवं, त्याला पाणी कमी लागतं. एकाला एक. वर्षभर जुना असंल तर एकाला सव्वा-दीड. यंत्रात वाफ कोंडून राहती, उडून जात न्हाई, म्हणून गॅसवरच्या सवयीनं दोन वाट्या वतलं की खिमट होतंय.

शहापूरची सून

खिमटच झालं होतं आमचं पहिल्यांदा! एकास दोन पाणी घातलं होतं. आज एकास सव्वा, ५ मिनिटं, मग १० मिनिटं तसंच ठेवलं. झाकण उघडलं तर वास थेट सासऱ्यांच्या फोटोपर्यंत गेला, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांना नवीन तांदळाचा भात फार आवडायचा.

एक चूक सांगते, दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून. परवा झाकणातलं रबर काढून घासलं आणि परत बसवताना एका बाजूला ते तारेच्या कड्याखाली नीट गेलंच नाही. वीस मिनिटं झाली, तीस झाली, पिन वर येईना. झाकणाच्या कडेनं वाफ येतेय आणि आपल्याला वाटतं की शिजतंय. शेवटी भात खाली करपला, वर कचकच. तेव्हापासून झाकण लावायच्या आधी बोट रबरावरून पूर्ण गोल फिरवायचं, असं सासूबाईंनी ठरवलंय. जपमाळेसारखं एक फेरा. पिन बोटानं वर-खाली हलते का तेही बघतात.

खानापूरची लेक

जांबोटी भागातली मी. आमच्याकडं उकड्याशिवाय जेवण नाही आणि सकाळी पेज. दोन्ही या कुकरात इतकं छान होतं की गॅसवरचं पेजेचं पातेलं मी आता बाहेर काढत नाही.

उकडा तांदूळ धुवून अर्धा तास भिजवायचा. एकास दोन पाणी, १२ मिनिटं, वाफ आपोआप. लाल उकडा असेल तर १५. पेजेला एक वाटी तांदळाला आठ-नऊ वाट्या पाणी, चिमूट मीठ, २० मिनिटं. पण एक लक्षात ठेवा, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. आत खूण असते. तांदूळ, डाळ, कडधान्य फेसाळतं, फेस वर जाऊन वाफेच्या नळीत अडकतो. बाकी पदार्थांना दोन तृतीयांश चालतं. आणि पेजेची वाफ खटका फिरवून एकदम सोडू नका, पांढरी पिचकारी ओट्यापासून भिंतीपर्यंत जाते. पिन आपोआप खाली बसू द्या.

आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा की कपडे वाळत नाहीत आणि इडलीचं पीठ फुगत नाही. मी दह्याच्या बटणावर पीठ ठेवते, वर काचेचं झाकण, ८ तास. भांडं अर्धंच भरायचं, नाहीतर फुगून बाहेर येतं. पहाटे उठून बघितलं की जाळी पडलेली असते. इडली उकडताना मात्र खटका उघडा ठेवायचा, प्रेशर नको. मग पिन वर येत नाही आणि यंत्र मिनिटं मोजत नाही. वेळ मोबाइलवर लावायची, वाफ धरल्यापासून १२ मिनिटं.

शहापूरची सून

हे इडलीचं फार कामाचं. मी दहा मिनिटं पडद्याकडं बघत बसले असते.

चिकोडीचा, सध्या बेळगावात रूमवर

माझ्याकडं तीन लिटरचा आहे. रूमवर गॅस ठेवू देत नाहीत, म्हणून घेतला. मूग आणि भात रोज. प्रश्न असा की तो सारखा ‘बर्न’ दाखवतो. कांदा टोमॅटो परततो, मसाला घालतो, मग तांदूळ, पाणी, झाकण. दोन मिनिटांत बर्न.

तिसरं गेट

तुझा मसाला तळाला चिकटतोय. खालच्या सेन्सरला तळ एकदम फार तापलेला दिसतो, म्हणून तो थांबतो. परतून झालं की अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथन्यानं तळ खरवडून काढ, भांड्याचं स्टील दिसेपर्यंत. टोमॅटो, दाण्याचं कूट, दाट वाटण हे खाली नाही, वर ठेवायचं, आणि ढवळायचं नाही. तीन लिटरच्या भांड्यात निदान एक मोठा कप (पाव लिटर) पातळ पाणी हवंच, सहाच्या भांड्यात दीड. ग्रेव्हीला पाणी म्हणायचं नाही, पाणी म्हणजे पाणी.

आणि परतताना तू झाकण लावत नाहीस ना? परतायच्या बटणावर झाकण बंद करायचं नाही.

चिकोडीचा, सध्या बेळगावात रूमवर

नाही लावत. तळ खरवडला आणि झालं! कट्ट्यावर बसून तिघांनी खाल्ली खिचडी. राजमा करायचा होता, मंद आचेचं बटण आहे, रात्री लावून झोपावं म्हणतो. चालेल का?

तिसरं गेट

नाही. हे नीट वाच आणि मित्रांनाही सांग. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जोरात उकळल्याशिवाय जात नाही. मंद आचेवर राजमा मऊ होतो पण विष तसंच राहतं, आणि चार-पाच दाण्यांनीसुद्धा उलट्या-जुलाब होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजव, ते पाणी ओतून दे, नवीन पाणी घालून प्रेशरवर २५ मिनिटं. मंद आचेचं बटण राजम्याला कधीच नाही.

निपाणीकर वायरमन

पोरांनो, रूमवरच्या वायरिंगचं एक बघा. एका बोर्डावर गीझर, इस्त्री आणि हा, असं एका वेळी नको.

संकेश्वरची मावशी

पुरणाचं मी सांगते. गेल्या कर्नाटकी बेंदराला दीड किलो डाळीचं पुरण सुनेच्या या कुकरात दोनदा लावलं.

हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवायची. एकास अडीच पाणी, कारण आपल्याला कट हवा. चमचाभर तेल, हळद चिमूटभर. तेलानं फेस कमी येतो. १५ मिनिटं, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत हात लावायचा नाही. अर्ध्याच्या वर भरू नका, म्हणून मी दोनदा लावलं. डाळ बोटांत चोळली की कणी लागत नाही. कट निथळून घ्यायचा, त्याची आमटी.

पण गूळ घालून पुरण आटवायचं ते गॅसवर, कढईत. यात परतायच्या बटणावर मी करून बघितलं. बूड मधोमध जास्त तापतं, गूळ तिथं लागतो, आणि भांडं खोल असल्यानं हात नीट फिरत नाही. पुरणाला हात मोकळा फिरला पाहिजे. कालथा उभा राहिला की पुरण झालं, हे यंत्राला कसं कळणार. जे शिजवायचं ते यंत्रात, जे आटवायचं ते कढईत, असं मी सुनेला सांगितलंय आणि तिला ते पटलंय.

गोकाककर

मग कुंदा? दोन लिटर दूध घालून मंद आचेवर रात्रभर ठेवलं तर?

संकेश्वरची मावशी

नाही हो. कुंदा म्हणजे दूध आटवणं आलं, खवा भाजून तांबूस करणं आलं. यात झाकण लावलं की पाणी उडतच नाही, वाफ होऊन परत खाली पडतं. सकाळी दूध तेवढंच मिळेल. झाकण काढून परतायच्या बटणावर केलं तर तळ लागेल. कुंदा जाड बुडाच्या कढईत, जवळ उभं राहूनच. त्याचा तो तांबूस रंग यायला वेळ द्यावा लागतो. बेळगावातून आणलेला परवडला.

खीर मात्र होते. तांदळाची खीर, दूध आणि पाणी निम्मं निम्मं, आधी तळाला चमचाभर तूप फिरवायचं.

तिसरं गेट

मटणाचं कुणी विचारलं नाही अजून, म्हणून मीच लिहिते. बोकडाचं मटण २५ मिनिटं आणि वाफ आपोआप. एकदम वाफ सोडली तर मटण चिवट लागतं. गावठी कोंबडी, तुम्ही नाटी म्हणत असाल, ती जुनी असेल तर २५, तलंग असेल तर १५. ब्रॉयलर ६ मिनिटांत होतं, त्याच्यावर गेलं की हाड सुटतं. ब्याडगीची मिरची रंगाला, लवंगी तिखटाला, आपलं नेहमीचं वाटण. रस्सा पातळ ठेवा आणि शेवटी उघडं ठेवून आटवा.

झाकणातलं रबर सिलिकॉनचं असतं आणि ते वास धरतं. मटणाच्या दुसऱ्या दिवशी दही लावलं की दह्याला मसाल्याचा वास. मी दोन रबरं ठेवते. एक सोवळ्यातलं म्हणा हवं तर, दूध-दही-खीर-पुरणाला, दुसरं बाकी सगळ्याला. दोघांचे रंग वेगळे घेतले की गोंधळ नको.

खानापूरची लेक

आमच्याकडं सासूबाई श्रावणात मटणाचं रबर कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायला सांगतात. आता कारण पटलं.

शहापूरची सून

हे दोन रबरांचं आज सांगितलं नाही तर घरात वाद होणार होता. मागवते.

बिलाचं कुणी सांगेल का? आमचं गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, शून्य येतं. यानं वाढेल का?

निपाणीकर वायरमन

हिशेब सरळ आहे. १००० वॅट एक तास पूर्ण चालला तर एक युनिट. भाताला हीटर सलग चालतो तो पाणी तापेपर्यंत, साधारण १५ मिनिटं. नंतर अधूनमधून. पाव ते तिसरा हिस्सा युनिट धरा. दिवसाला भात-आमटी दोन्ही केलं तर महिन्याला वीसेक युनिट.

गृहज्योतीत सरसकट २०० युनिट फुकट नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०२२-२३ च्या तुमच्या महिन्याच्या सरासरीवर १० टक्के वाढ, तेवढंच फुकट. समजा सरासरी ८० होती, तर ८८ पर्यंत शून्य. १०० झाले तर वरच्या १२ युनिटचे पैसे. आणि २०० च्या वर गेलात तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या बिलावर तुमचा हक्काचा आकडा छापलेला असतो, तो बघा. एका बाजूला गॅस किती वाचतो तेही धरा. आमच्याकडं सिलिंडर पूर्वी ३५ दिवस जायचा, आता ५० च्या वर जातो.

काम झाल्यावर हा ‘गरम ठेवा’ वर आपोआप जातो. वाढून झालं की तो बंद करा. चार तास भात गरम ठेवून खालून पिवळा पडतो, आणि वीजही जाते.

शहापूरची सून

बिल काढून बघितलं. आमचा आकडा ११२ आहे, गेल्या महिन्यात ८४ वापरले. जागा आहे.

आता शेवटचं काम होतं बटणांचं. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या अक्का गोकाकच्या, त्या कन्नड वाचतात, आणि दुपारी सासूबाईंना मदत त्याच करतात. चौदातली पाच बटणं ठेवली, बाकीच्यांवर पांढरी चिकटपट्टी. पाचांवर लेकाच्या वहीच्या लेबलवर वर मराठी आणि खाली कन्नड लिहिलं. भात, खाली अक्की. डाळ, खाली बेळे. दही, खाली मोसरु. वाफेच्या खटक्याजवळ लाल पेनानं ‘हात लावू नये’ आणि खाली मुट्टबेडी. अक्षरं माझी मराठी, अक्कांची कन्नड. लेबलांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे पुसताना निघणार नाहीत.

कुकर आधी वरच्या कपाटाखाली ठेवला होता, वाफेनं कपाटाच्या प्लायची कड फुगायला लागली. आता खिडकीजवळच्या ओट्यावर आणला. वायरमन काकांच्या सांगण्याप्रमाणं तिथं पॉवर पॉइंट घेतला, अर्थिंग तपासून.

तिसरं गेट

लेबलं छान. एक वाढव. भांडं आत ठेवल्याशिवाय पाणी ओतू नये, हे मोठ्या अक्षरात लिही. आतलं भांडं घासायला बाहेर काढलेलं असतं आणि सवयीनं माणूस तांदूळ-पाणी सरळ यंत्रात ओततो. माझ्या बहिणीनं ओतलं होतं, पाणी हीटरमध्ये गेलं आणि दुरुस्तीला दोन आठवडे. मी भांडं घासायला काढलं की झाकण यंत्रावर उलटं ठेवते. उलटं झाकण दिसलं की हात थांबतो. आणि भांडं परत ठेवताना बाहेरून कोरडं पुसायचं, खाली एखादं शीत राहिलं तरी ते जळतं.

शहापूरची सून

उलट्या झाकणाचं लगेच सुरू केलं.

आज येळ्ळूरच्या पद्धतीनं मसूर केला. म्हणजे मी नाही, सासूबाईंनी. मी कामावर होते. साडेअकराला फोन आला. "पिन वर आली बघ, आठचा आकडा आलाय." मागून अक्कांचा आवाज, त्याही मोजत होत्या. मग वीस मिनिटांनी पुन्हा फोन, "पिन खाली बसली, उघडू का?" उघडा म्हटलं. डाव्या हातानं झाकण फिरवलं त्यांनी, उजव्या मनगटाला काही करावंच लागलं नाही. झाकण आपल्यापासून लांब तिरकं धरायचं, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. चिंचेचा कोळ नंतर घातला. संध्याकाळी घरी आले तर वाटीभर आमटी माझ्यासाठी झाकून ठेवलेली, दाणा अख्खा आणि आत पीठ.

@संकेश्वरची मावशी, ५.७ लिटरच्या भांड्यात एका वेळी पुरणाची डाळ किती घेता? अर्ध्या खुणेचा हिशेब धरून सांगा. पाऊण किलोचा डबा काढून ठेवलाय.

संकेश्वरची मावशी

पाऊण किलोच. भिजवताना मुरलेलं पाणी धरून अडीच पट घेतलं की खुणेच्या खाली राहते, मी तेवढ्याच भांड्यात केलंय. मोठ्या पातेल्यात भिजत घाल, डाळ दुप्पट होते. आणि पहिल्या घाण्याचा कट टाकू नकोस, बाजूला काढून ठेव.